उंदराला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे

(चिनी वनौषधींच्या अर्कांच्या प्राण्यांवरील चाचण्यांविषयी दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांपैकी एकच प्रश्न येथे घेतला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून एक-दोघांनी मला आधीच विचारलं की तुम्ही पारंपरिक औषधांच्या बाजूने बोलणार की विरोधात? मी त्यांना म्हटलं, मी उंदराच्या बाजूने बोलणार आहे. ते हसले. पण मी गंमत करत नव्हते. औषधशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या काळात ‘अमुक चिनी वनस्पतीचा अर्क उंदरांमध्ये गुणकारी आढळला’ या धाटणीचे शोधनिबंध मी इतके वाचले की आता शीर्षक बघितलं की निष्कर्ष सांगता येतो. माझी तक्रार तिथूनच सुरू होते. निष्कर्ष जर शीर्षकावरून सांगता येत असेल, तर मधल्या त्या साठ-सत्तर उंदरांनी नेमकं काय केलं?

या निबंधांचं मी आज परीक्षण करणार आहे. एखाद्या निबंधाचं नाही, या सगळ्या प्रकाराचं. कारण हे प्रकरण प्रयोगशाळेत राहत नाही. ‘प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध’ हे शब्द बाटलीवर येतात, पत्रकात येतात, आणि आपल्या घरातलं कुणीतरी ते वाचून औषध सुरू करतं.

आधी असा निबंध दिसतो कसा, ते सांगते. सुरुवातीला एक वाक्य असतं की ही वनस्पती चीनमध्ये शेकडो वर्षं यकृताच्या विकारांवर वापरली जाते. मग वनस्पती आणली, वाळवली, अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढला. उंदरांचे गट पाडले. पाच-सात दिवस तोंडावाटे अर्क दिला. मग कार्बन टेट्राक्लोराइड नावाचं विष टोचून यकृताला इजा केली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. अर्क घेतलेल्या उंदरांचं यकृत कमी बिघडलं होतं. निष्कर्ष: परंपरेला आधुनिक विज्ञानाचा दुजोरा मिळाला.

आता इथे जरा थांबू या. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातली काही विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याचं रूपांतर घातक पदार्थात करतात आणि मग इजा होते. आधी दिलेल्या अर्काने ती विकरंच मंद केली, तर विष तयारच होणार नाही. यकृत वाचलेलं दिसेल. पण त्याचा कावीळ झालेल्या माणसाशी काय संबंध? शिवाय औषध आधी आणि इजा नंतर, हा क्रम बघा. कुठला रुग्ण आजारी पडायच्या पाच दिवस आधी औषध घ्यायला येतो? म्हणजे प्रयोग खोटा नाही, आकडे खोटे नाहीत. पण विचारलेला प्रश्न एक आणि छापलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं, असं झालं आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, याच रस्त्याने तर आर्टेमिसिनिन सापडलं. बरोबर. ही कथा सगळ्यांना माहीत आहे, पण ती बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. म्हणून मी ती जरा सावकाश सांगते.

२३ मे १९६७ रोजी चीनमध्ये मलेरियावरचं औषध शोधण्यासाठी एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. तारखेवरूनच त्याला ‘प्रकल्प ५२३’ हे नाव पडलं. १९६९मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिकित्सा अकादमीतल्या तू यूयू यांच्याकडे एका गटाची जबाबदारी आली. त्यांनी जुने ग्रंथ चाळले, वैद्यांना भेटले आणि दोन हजारांहून अधिक पाठ जमवले. त्यांतून सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८०हून अधिक अर्क करून मलेरिया झालेल्या उंदरांना दिले. परिणाम काय? बहुतेकांचा काही नाही. आपण कथा सांगताना नेमकी हीच ओळ गाळतो. हे सगळे पाठ परंपरेतलेच होते, ग्रंथातलेच होते. उंदरांनी एकामागून एक नकार दिला, आणि त्या लोकांनी तो नकार ऐकला.

मग छिंगहाव नावाच्या वनस्पतीच्या अर्काने एकदा चांगला परिणाम दाखवला. परत करून बघितलं, तर नाही! आता आजच्या एखाद्या विभागात काय झालं असतं, विचार करा. पहिल्या प्रयोगाचा तक्ता छापून मोकळे झाले असते. तू यूयू परत ग्रंथांकडे गेल्या. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तकात छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून, तो रस पिण्याची कृती होती. उकळण्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून त्यांना शंका आली की उष्णतेने औषध नष्ट होत असावं. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे त्याने कमी उष्णतेत अर्क काढता येतो. तसा काढला, त्यातला आम्लधर्मी भाग वेगळा करून टाकला, आणि ४ ऑक्टोबर १९७१ रोजी उरलेल्या अर्काने उंदरांच्या रक्तातले मलेरियाचे सगळे परजीवी संपवले. मग माकडांतही तेच दिसलं. १९७२मध्ये तू यूयू आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला आणि नंतर हायनान बेटावरच्या रुग्णांना दिला. २०१५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज आपल्या गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला ज्या संयुक्त गोळ्या देतात, त्यांतला एक घटक याच कुळातला आहे.

या कथेत परंपरेचं श्रेय मोठं आहे, मी ते कमी करत नाही. कुठे खणायचं ते तिनेच दाखवलं. पण तिने जागा दाखवल्या शेकडो. त्यांतली कुठली खरी, हे उंदराने ठरवलं. आणि त्याला ते ठरवता आलं कारण प्रयोग तसा रचला होता. उंदराला खरोखर मलेरिया होता. माणसाचा परजीवी नव्हे, पण त्याच्या कुळातला, उंदीरवर्गातल्या प्राण्यांना होणारा. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि परजीवी मोजायचे. आहेत किंवा नाहीत. तिथे अर्थ लावायला जागा फार कमी.

याच्या शेजारी दुसरा एक लोकप्रिय प्रयोग ठेवून बघा. उंदराला पाण्याच्या भांड्यात सहा मिनिटं सोडतात. तो आधी धडपडतो, मग तरंगत राहतो. तरंगणं म्हणजे नैराश्य, असं धरलं जातं. अर्क दिल्यावर तो जास्त वेळ पोहला की अर्क नैराश्यावर गुणकारी. आता हा उंदीर निराश आहे, की शक्ती वाचवतो आहे, की चहा प्यायल्यासारखा नुसताच चेकाळला आहे? कॉफीनेही उंदीर जास्त पोहतो. म्हणून नीट काम करणारे लोक त्याची साधी हालचालही वेगळी मोजतात. अनेक निबंधांत तेवढीही तसदी घेतलेली नसते.

मात्रेचं गणित तर फळ्यावरच करू या. समजा, निबंधात उंदराला दर किलो वजनामागे ५ ग्रॅम अर्क दिला आहे. उंदराची मात्रा माणसाला लावताना ढोबळमानाने बाराने भागतात, कारण लहान प्राण्याचा चयापचय वेगवान असतो. म्हणजे दर किलोला साधारण ४०० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला २५ ग्रॅम अर्क, रोज. दहा ग्रॅम वाळलेल्या वनस्पतीपासून एक ग्रॅम अर्क मिळतो असं धरलं तर पाव किलो वनस्पती! चिनी वैद्य एखादं द्रव्य दिवसाला साधारण ३ ते १० ग्रॅम देतो. मग हा प्रयोग परंपरेची परीक्षा घेतो असं कसं म्हणायचं? परंपरेने तेवढं कधी दिलंच नव्हतं. त्यात अर्क पोटाच्या पोकळीत टोचला असेल तर विचारायलाच नको. काढा प्यायचा असतो. आतड्यातून काय शोषलं जातं आणि यकृत त्याचं काय करतं, हा सगळा टप्पा तिथे वगळला जातो.

आता उंदराला काय सांगताच येत नाही, त्याचं एक उदाहरण. छांगशान ही मलेरियावरची दुसरी जुनी चिनी वनस्पती. दुसऱ्या महायुद्धात जावा जपानच्या हाती गेलं आणि क्विनाइन दुर्मीळ झालं, तेव्हा चिनी शास्त्रज्ञांनी तिचा कसून अभ्यास केला. प्राण्यांमध्ये ती मलेरियावर खरोखर चालते. तिच्यातलं फेब्रिफ्युजिन हे द्रव्यही वेगळं काढलं गेलं. तरी औषध म्हणून ते उभं राहिलं नाही. का? तर रुग्णांना भयंकर मळमळ आणि उलट्या होत. हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. आणि गंमत अशी, की उंदराला उलटी करताच येत नाही! त्याच्या शरीरात ती सोयच नाही. तुम्ही हजार उंदीर घेतले तरी हा त्रास तुम्हाला तसा दिसणार नाही. इथे परंपरेची नोंद उंदरापेक्षा जास्त खरी होती.

आणि आता उलटं उदाहरण. हे जरा गंभीर आहे.

१९९०च्या सुमाराला ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात रुग्णांच्या गोळ्यांमध्ये चिनी वनस्पतींची पूड घालायला सुरुवात झाली. त्यातल्या एका वनस्पतीचं नाव फांगजी. १९९२पर्यंत तिथल्या तरुण बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होताना दिसू लागली. १९९३मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यावर अहवाल आला. शंभराहून अधिक रुग्णांना बाधा झाल्याचं पुढे निघालं. झालं होतं असं की चिनी बाजारात फांगजी या नावाने एकाहून अधिक वनस्पती विकल्या जातात. हवी होती स्टेफानिया, आली अॅरिस्टोलोकिया. तिच्यात अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. नंतर यांतल्या ३९ रुग्णांनी निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून घेतल्या. १८ जणांमध्ये मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग आढळला. हे २०००मध्ये प्रसिद्ध झालं.

यात मला सर्वांत जास्त टोचणारी तारीख आहे १९८२. त्या वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी अॅरिस्टोलोकिक आम्ल मोठ्या उंदरांना, ज्यांना आपण घूस म्हणत नाही पण रॅट म्हणतो, त्यांना तीन महिने तोंडावाटे दिलं होतं आणि त्यांच्या जठरात कर्करोग झाल्याचं छापलं होतं. जर्मनीत हे आम्ल असलेली औषधं त्याच सुमारास मागे घेतली गेली. म्हणजे प्राण्याने सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. आणि ‘शेकडो वर्षांचा वापर’ हा आधार इथे पूर्ण फसला. त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. काढा घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर वैद्याच्या लक्षात येतं. काही वर्षांनी मूत्रपिंड गेलं किंवा कर्करोग झाला तर ते कोण कुठल्या काढ्याला जोडणार? हळू होणारं नुकसान परंपरेला दिसत नाही. तिथे प्राण्यांवरच्या दीर्घ चाचण्याच लागतात. आणि दुर्दैवाने आपण उंदराला उपयोगाबद्दल शंभरदा विचारतो, अपायाबद्दल क्वचित.

आता एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हलका नाही. चिनी वैद्यक सुटं द्रव्य देत नाही, मिश्रण देतं. आणि आजाराला देत नाही, माणसाच्या प्रकृतीची घडी बघून देतं. जीभ बघायची, नाडी बघायची, मग पाठ ठरवायचा. मग उंदरावर त्याची परीक्षा कशी होईल? यावर चीनमध्ये काढलेला एक मार्ग म्हणजे उंदरातच ती घडी तयार करायची. स्टेरॉइड भरपूर टोचायचं, उंदीर रोडावतो, गारठतो, केस विस्कटतात, की म्हणायचं ही यांगची कमतरता. किंवा रेवंदचिनी देऊन जुलाब घडवायचे आणि म्हणायचं ही प्लीहेची दुर्बलता. मला हे पटत नाही. तो उंदीर स्टेरॉइडने आजारी आहे, एवढंच आपल्याला माहीत आहे. पुढचं नाव आपण दिलेलं आहे. यात ना परंपरेचा मान राहतो, ना प्रयोगाचा.

पण मिश्रणाची परीक्षा होतच नाही असं नाही. येल विद्यापीठात यंग-ची चेंग यांच्या गटाने ह्वांगछिन थांग या सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चार वनस्पतींच्या पाठावर काम केलं. परंपरेत तो जुलाब आणि पोटातल्या मुरड्यावर आहे. इरिनोटेकान या कर्करोगावरच्या औषधाने आतड्याचं अस्तर सोलवटून जुलाब होतात. त्यांनी गाठी असलेल्या उंदरांना दोन्ही एकत्र दिलं. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात आतड्याचं अस्तर लवकर भरून येताना दिसलं. प्रश्न परंपरेचाच होता, काढा तोंडावाटेच दिला होता, आणि प्रत्येक घाण्याचं रासायनिक रूप आधीच्या घाण्याशी जुळतं का हे तपासलं होतं. तरीही, हे उंदरांतलं झालं. रुग्णाला उपयोग होतो की नाही ते रुग्णांवरच्या चाचणीतूनच कळणार. चेंग यांच्या गटालाही शेवटी तिकडेच जावं लागलं.

मग सगळेच निबंध असे का नाहीत? इथे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळी होणार नाही. मी ज्या विभागात होते तिथे माझ्या हाताखाली एका मुलीने पदव्युत्तर प्रबंधासाठी एका अर्काचा सुजेवर प्रयोग केला. पंजाला सूज आणायची आणि ती किती उतरते ते मोजायचं. काहीच उतरली नाही. कुठल्या पिंजऱ्याला काय दिलं आहे हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा तिचा हट्ट होता आणि तिने तो पाळला. काम चोख होतं. प्रबंध मंजूर झाला, बांधून कपाटात गेला. निबंध म्हणून कुठे पाठवू या असं ती म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, अगं, ‘काही झालं नाही’ हे कोण छापणार? ते माझं चुकलं. दुसऱ्या कुठल्या तरी गावात कुणी तरी तोच अर्क तशाच उंदरांना पुन्हा दिला असणार. आणि तिथे योगायोगाने सूज उतरलेली दिसली, तर तेवढंच छापलं गेलं असणार.

१९९८मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतून छापून आलेल्या चाचण्या तपासल्या. या माणसांवरच्या चाचण्या होत्या, प्राण्यांवरच्या नाहीत, हे लक्षात ठेवा. चीनमधून आलेली अॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी अनुकूल होती. इतर उपचारांच्या चाचण्यांत चीनचं प्रमाण ९९ टक्के निघालं आणि इंग्लंडचं ७५. म्हणजे ही सवय कुणा एकाची नाही, कमीजास्त सगळ्यांचीच आहे. पण शंभरात नव्याण्णव वेळा ‘हो’ म्हणणाऱ्या साक्षीदाराला न्यायालयात कोण विचारेल?

आणि मग प्राण्यांचा प्रश्न उरतो. मी प्राण्यांवर प्रयोग केलेले आहेत, त्यामुळे साळसूदपणाचा आव आणत नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९मध्ये तीन गोष्टी सांगितल्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. प्रत्येक संस्थेच्या समितीपुढे आपण त्याचे अर्ज भरतो. त्यात मी एक भर घालीन. ज्या प्रयोगातून नकार निघण्याची सोयच नाही, त्यात मेलेला प्रत्येक उंदीर फुकट गेला. त्याचं उत्तर कुणाला ऐकायचंच नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा फार शास्त्र लागत नाही, काही साधे प्रश्न विचारा. वनस्पती नक्की कुठली, ती कुणी ओळखली? मात्रा माणसाच्या हिशेबात किती होते? औषध आजाराआधी दिलं की नंतर? मोजणाऱ्याला गट माहीत होते का? किती दिवस दिलं, आणि मूत्रपिंड, यकृत बघितलं का? आणि शेवटचा: हा प्रयोग फसला असता, तर तो आपल्याला वाचायला मिळाला असता का?

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले.)

प्रश्न: मॅडम, तुम्ही जे चिनी औषधांबद्दल बोललात ते आपल्या काढ्यांनाही लागू नाही का?

उत्तर: आहे ना, अगदी जसंच्या तसं. मी चीनचं उदाहरण घेतलं कारण तिथला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट, दोन्ही नमुने नीट नोंदलेले आहेत. आणि खरं सांगू का, दुसऱ्याच्या घरातलं उदाहरण दिलं की माणसं शांतपणे ऐकून घेतात. आपल्या कपाटातले प्रबंध कधी बाहेर काढणार, तेवढं मला विचारू नका. त्या मुलीचा तो प्रबंध मात्र मी मागवून घेतला आहे. तिचं आणि माझं बोलणं झालं आहे. तो आम्ही आता छापायला पाठवतो आहोत.